तीन बोटं आणि एक नख

बिशारा भट्टीवाल्याचं नाक मोठं होतं आणि फुशारकी नाकापेक्षा मोठी. कणकेची फळी आत आली की तो वाकून वास घ्यायचा आणि जमलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचा, "हं! खत्तारांकडे काल सासूसुनांचं वाजलेलं दिसतंय. कणीक रागारागानं तिंबलीय, बघा कशी फुगून बसलीय." खत्तारांची सून लाल व्हायची, बाकीच्या ओढणीत तोंड लपवून हसायच्या. पंचाईत अशी की निकाल खरा असायचा. माझं दुकान भट्टीच्या समोर. पुरुषांच्या बातम्या मला दाढी करताना मिळायच्या, बायकांच्या भट्टीवरून. बैरूतमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं असं मी म्हणत नाही. लोक म्हणायचे.

आमच्या आळीत कणीक ज्याच्या त्याच्या घरी मळायची आणि गोळे थापून फळीवर मांडून भट्टीवर आणायचे. वीस घरांच्या रोट्या एका भट्टीत जाणार, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. खत्तारांच्या रोटीवर दोन आडव्या रेघा. आमच्या रोटीवर फणीचे दात. न्हाव्याचं घर, दुसरं काय असणार! आणि नफीसाअम्माच्या रोटीवर शेजारीशेजारी तीन बोटं आणि त्यांच्याखाली नखाची एक कोर. बिशाराला खुणा बघाव्या लागायच्या नाहीत. लांब फावड्यावर रोटी बाहेर आली की नुसता अंगठा फिरवून तो सांगायचा, कुणाची. वर म्हणायचा, "खूण कुणीही करेल रे शाहीन्या, पण बोट ज्याचं त्याचं असतं."

नफीसाअम्माबद्दल सांगायचं तर ती मक्केला जाऊन आली होती आणि तिथून जीभ आणखी धारदार करून आली होती. घरात ती आणि सून रुकय्या, दोघीच. मुलगा लांब दमियेत्ताच्या बंदरात व्यापारासाठी गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. भट्टीवाल्याची मजुरी म्हणजे प्रत्येक फळीतला एक गोळा, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. पण नफीसाअम्मा रोज बिशाराच्या हातातला गोळा निरखून म्हणायची, "बिशारा, गोळा घेतलास की बोकड कापलास? ठेव तो परत, दुसरा लहान घे." बिशारा चरफडायचा, आम्ही हसायचो. रोजचा तमाशा होता.

मग ते वर्ष आलं. सुलतानाची आणि रशियाच्या राणीची लढाई कुठे लांब उत्तरेत चालली होती. तिचं आम्हाला काय? पण आमच्या डोंगरातल्या अमीराचं आणि आमच्या किल्लेदाराचं बिनसलं. अमीरानं रशियन आरमाराला बोलावणं धाडलं, आणि एका सकाळी समुद्र जहाजांनी भरला. जमिनीकडून अमीराची माणसं, पाण्याकडून रशियन तोफा, आत आम्ही आणि किल्लेदाराचे भाडोत्री शिपाई. चार महिने हे चाललं. आधी धान्य संपलं, मग गाढवं संपली, शेवटी बायका तुतीची पानं उकडू लागल्या. रोज वीस फळ्या यायच्या तिथं दहा यायला लागल्या, मग सात. त्याही कशाच्या? कोंडा, खरूबाच्या शेंगांचं पीठ, काय मिळेल ते.

अशा एका सकाळी भट्टीवर सात फळ्या असताना दोन शिपाई आत आले. उपाशी होते तेही. एकाला तर उभं राहवत नव्हतं. दुसऱ्यानं कोयता बिशाराच्या पोटाला लावला आणि म्हणाला, "एक फळी हवी. सगळ्या नेत नाही, आम्ही राक्षस नाही. तूच काढून दे." आणि बिशारानं नफीसाअम्माची फळी काढून दिली.

बायका आल्या तेव्हा त्यानं सांगितलं की शिपायांनी हाताला आली ती उचलली. रुकय्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी नफीसाअम्मा दारात भिंतीला टेकून बसलेली सापडली, ओठ किंचित उघडे, जणू कुणाला तरी काही सुनावायचं राहिलं होतं. पाचव्या दिवशी शहरानं दरवाजे उघडले. एक फळी पुरली असती.

फळी कुणी निवडली, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा नाही. तुमच्यापासून कशाला लपवू म्हणून आधी सांगितलं. माझ्या पुढच्या मूर्खपणाची किंमत तुम्हाला कळावी हाही हेतू आहे.

रशियन आत आले. भरपूर दाढ्या, आणि न्हाव्याचा उपयोग शून्य. शहराच्या मोठ्या वेशीवर त्यांनी आपल्या राणीची तसबीर टांगली. गोरीपान, गुबगुबीत, छातीवर निळा पट्टा, आणि नजर अशी की माणूस कुठेही उभा राहो, ती त्याच्याकडेच बघतेय. हुकूम सुटला की वेशीतून जाणाऱ्यानं जनावरावरून उतरायचं आणि तसबिरीपुढे वाकायचं. माझा सासरा जन्मात माझ्या सासूखेरीज कुणापुढे वाकला नव्हता. तो तीन दिवस वेशीबाहेर जायचाच थांबला. चौथ्या दिवशी वाकला आणि घरी येऊन सासूला म्हणाला, "तिथं निदान शिव्या तरी मिळत नाहीत."

भट्टी त्यांनी लगेच ताब्यात घेतली. तेरेंती म्हणून त्यांचा रसदीचा अधिकारी होता, लाल नाकाचा, सदा संशयी. त्याच्याबरोबर बेटावरचा एक ग्रीक दुभाषी, स्तमाती. जहाजांवरून पिठाची पोती यायची. बिशारानं ती मळायची, थापायची, भाजायची आणि टोपल्या किनाऱ्यावर पोचवायच्या. उरलेल्या वेळात आमच्या फळ्या. पीठ पुन्हा मिळू लागलं होतं. बिशारा मात्र आता कणकेचा वास घेत नव्हता, निकाल देत नव्हता. आम्हाला वाटलं, उपासानं खचलाय. बायका म्हणायच्या, "बिशारा, सांग ना, आज कुणाकडे भांडण?" तो म्हणायचा, "कुणाकडे नाही. सगळीकडे शांत आहे." भट्टीवाल्याच्या तोंडून असलं ऐकून कुणालाही धास्ती वाटावी.

मला ते बघवेना. त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो आणि माणूस गप्प बसलेला मला खपत नसे, अजूनही खपत नाही. एका पहाटे मी माझ्या रोट्यांसाठी भट्टीवर बसलो होतो. बिशारा आत लाकडं सारत होता. समोर जहाजांच्या रोट्या थापून मांडलेल्या. मनात आलं, बघू या याचा अंगठा अजून ओळखतो का. त्या भट्टीची सगळ्यात ठसठशीत खूण कुठली, तर नफीसाअम्माची. मी एका रोटीवर तीन बोटं टेकली, खाली अंगठ्याचं नख रुतवलं, आणि साळसूदपणे माझ्या जागेवर येऊन बसलो.

फावडं बाहेर आलं. बिशारानं सवयीनं अंगठा फिरवला आणि थांबला. वाकून पाहिलं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पुष्कळदा पाहिलंय, वस्तरा लागला की उतरतं. पण असं नाही. त्याच्या हातातून फावडं पडलं. मी हसणार होतो, ते राहून गेलं. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर जहाजांच्या टोपलीत वरच एक रोटी होती. तीन बोटं, खाली कोर. मी ती केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आणखी एक. मग रोज एक, कधी दोन. कणीक बिशारा एकटा थापायचा, भट्टीत दुसरं कुणी नसायचं. आळीत कुजबुज सुरू झाली. खत्तारांची म्हातारी शपथेवर सांगायची की तिनं नफीसाअम्माला भल्या सकाळी रिकामी फळी काखेत मारून जाताना पाहिलं. "उपाशी गेली ना बिचारी. उपाशी माणूस भट्टीवर नाही येणार तर कुठे जाणार?" मी त्या म्हातारीला हसलो. आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं, आजपासून रोट्या आणायला तू जा.

आठवड्याभरात बिशारा माझ्या दुकानात आला. खुर्चीत बसला, डोळे मिटले, गळा पुढे केला. मी साबण लावला, वस्तरा टेकवला आणि तो बोलू लागला. सगळं सांगितलं. शिपाई, कोयता, सात फळ्या. "आदल्या दिवशी तिनं मला चारचौघींत चोर म्हटलं होतं रे. मी फळ्यांवरून नजर फिरवली आणि तिच्या खुणेपाशी हात आपोआप थांबला. एवढंच. एवढंच झालं."

"शिपायानं नेली असंच समज," मी म्हटलं.

"समजतो. रोज समजतो. मग रोटी बाहेर येते."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं की पहिली रोटी माझी. पण उरलेल्या कुणाच्या, हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी त्याची दाढी पुरी केली. ज्याच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नाही असं म्हणायचे, त्या शाहीन्यानं ही गोष्ट पोटात ठेवली. एकच नव्हे, दोन्ही, त्याची आणि माझी.

भुतानं आळीतच फिरायचं ठरवलं असतं तर प्रकरण तिथंच राहिलं असतं. पण रोट्या जहाजावर जात होत्या. महिनाभरात तेरेंतीच्या लक्षात आलं की रोज एखाद्या रोटीवर तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर असते. संशयी माणसाला चंद्रकोर दिसली की झालंच. तीन ठिपके म्हणजे बंदरातली तीन मोठी जहाजं आणि कोर म्हणजे तुर्क. भट्टीवाला जहाजावरच्या कुणाला तरी इशारे पाठवतोय! एका दुपारी दोन बंदुकवाल्यांनी बिशाराला दंडाला धरून वेशीपाशी नेलं. त्याच्यामागे सगळी आळी. मीही गेलो, रुकय्याही आली.

वर राणी, खाली तेरेंती, हातात वाळकी रोटी. स्तमाती ओरडला, "भट्टीवाल्या, साहेब विचारतात, हा इशारा कुणाला? नाव सांगितलंस तर फटके, नाही सांगितलंस तर दोर."

"इशारा नाही," बिशारा म्हणाला. "ही नफीसाअम्माची खूण आहे."

"कोण ही? हजर करा."

"ती वारली."

स्तमातीनं ते सांगितलं. तेरेंतीनं रोटी बिशाराच्या नाकाखाली धरली. "साहेब विचारतात, मेलेली बाई रोट्या थापते?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हतो, हे एकदा सांगून ठेवतो. बिशारानं रुकय्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

"थापतो मी," तो म्हणाला. "खूण कोण करतं, देव जाणे. पण ती माझ्यामागे का लागलीय ते मला माहीत आहे. शिपायांनी तिची फळी उचलली नव्हती. मी दिली. सात होत्या, त्यातली तिची काढून दिली." आणि मग त्यानं ते सांगितलं जे वस्तऱ्याखालीही सांगितलं नव्हतं. "सातवी माझी होती. माझ्या घरची. कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली. ते म्हणाले, तूच निवड. मी माझी निवडू शकलो असतो."

स्तमातीनं भाषांतर सुरू केलं, अडखळला, पुन्हा सुरू केलं. तेरेंतीला ते पटलं नाही. मेलेली बाई, फळ्या, शिपाई, त्याच्या दृष्टीनं सगळ्या थापा. त्यानं हुकूम केला: कणीक आणा, यानं इथं सगळ्यांसमोर थापायचं, खूण कशी होते ते मला बघू द्या.

भट्टीतून परात आली. बिशारा वेशीखाली जमिनीवर बसला आणि थापू लागला. एक रोटी, दुसरी, तिसरी. तेरेंती वाकून बघतोय. चौथी, पाचवी, सगळ्या कोऱ्या. स्तमाती मधेमधे प्रश्न विचारत होता, घरी कोण असतं, पीठ कुठे ठेवतोस, आणि बिशारा त्याच्याकडे बघून उत्तरं देत होता. आठव्या रोटीला हात थापता थापता थांबला. तीन बोटं एकदा टेकली, अंगठा वळला, नख लागलं न लागलं. कोर अर्धीच उठली. हात पुढच्या गोळ्याकडे गेला. बिशारा अजून स्तमातीशी बोलतच होता, "...आणि बायको, आणि दोन मुली." त्याला काही कळलेलं नव्हतं.

गर्दीतल्या बायकांनी एकदम श्वास ओढला. त्या आवाजानं त्यानं खाली पाहिलं. रोटीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, जणू तो हात कुणी उसना देऊन गेलं होतं.

भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला उतारा असतो.

तेरेंती हसला. खांदे उडवून काहीतरी बोलला. स्तमाती म्हणाला, "साहेब म्हणतात, वेडा आहे, हेर नाही. सोडा." ते दोघं निघून गेले. त्यांच्या लेखी संपलं.

रुकय्या पुढे आली. मला वाटलं, थुंकेल. तिनं ती आठवी रोटी उचलली, कच्चीच, ओढणीत गुंडाळली आणि घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर एकही फळी आली नाही. बायका घरीच लोखंडी तव्यावर पातळ रोट्या भाजू लागल्या. करपलेल्या, अर्ध्या कच्च्या. माझ्या बायकोची रोटी तर अशी व्हायची की कापायला वस्तरा लावावा. पण भट्टीकडे कुणी फिरकेना, बिशाराची बायकोसुद्धा ओढणी पुढे ओढून विहिरीवर जायची. बिशारा फक्त रशियनांचं पीठ भाजायचा. हिवाळा संपता संपता त्यांचा अमीराशी व्यवहार मिटला, वेशीवरची राणी उतरली, जहाजं गेली आणि भट्टीतला जाळ विझला. बिशारा थंड भट्टीच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. मी समोर. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

पंधरा दिवसांनी रुकय्या आली, डोक्यावर फळी घेऊन. आळीतली एकूण एक खिडकी किलकिली झाली. तिनं फळी त्याच्यासमोर ठेवली. गोळे थापलेले, पण कोरे.

"जाळ कर," ती म्हणाली.

त्यानं जाळ केला. दोनदा विझला. भट्टी तापली तेव्हा तो चाचरत म्हणाला, "खूण?"

"कर."

"मी?"

"सासूबाईंनी ती मला कधी करू दिली नाही. म्हणायच्या, मी आहे तोवर मीच. तुझ्या हातात बसलीय ना? मग कर."

त्यानं हात कणकेवर धरला. महिनोन्‌महिने जो हात आपणहून खूण करत होता तो आता खाली येईना. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता.

"रुकय्या, मला नाही होत."

"मी उभी आहे," ती म्हणाली. "मला घाई नाही. आणि हे बघ, माफी मागू नकोस. माफ करायला मी आलेली नाही, मला रोट्या हव्यात. पण त्यांची खूण आळीतून जाता कामा नये. त्या कशा गेल्या हे जोवर तुला रोज आठवतं तोवर ती खूण मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही."

किती वेळ गेला कोण जाणे. लाकडं पडून निखारे झाले. मग त्यानं डोळे उघडे ठेवून तीन बोटं टेकली. प्रत्येक रोटीवर, सावकाश, एकेक करून. मजुरीचा गोळा घेतला नाही. रुकय्यानंच एक उचलून त्याच्या हातात कोंबला, "रिवाज आहे. घे." तिच्या आवाजात तेव्हा नफीसाअम्माची धार होती, आणि समोरच्या खिडकीतून कुणीतरी रडत असल्यासारखं वाटलं, माझी बायकोच होती.

दुपारपर्यंत चार फळ्या आल्या. रमजान येईस्तोवर वीस.

त्यानंतर बिशारा तेवीस वर्षं जगला. रोज सकाळी रुकय्याची फळी यायची, कोरी, आणि तो खूण करायचा. जहाजाच्या रोट्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे हात आपणहून कधी वळला की नाही हे कुणी पाहिलं नाही. हळूहळू तो पुन्हा कणकेचा वासही घेऊ लागला. मात्र कुणाच्या भांडणाचा निकाल त्यानं पुन्हा दिला नाही, आणि खरं सांगायचं तर आळीची निम्मी मजा तिथंच गेली.

शेवटच्या आजारपणात मी रोज त्याच्या घरी जाऊन दाढी करायचो. एके दिवशी वस्तरा पुसता पुसता म्हटलं, "बिशाराभाऊ, एक सांगायचं राहिलंय. ती पहिली रोटी माझी होती. चेष्टा केली होती मी."

तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, ऐकलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नफीसाअम्माचं अंगठ्याचं नख तुटकं होतं. तिची कोर नेहमी अर्धी उठायची. त्या रोटीवरची पुरी होती, न्हाव्याच्या नखाची. अंगठा फिरवला तेव्हाच कळलं."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मग पांढरा कशाला पडलास? फावडं कशाला टाकलंस?"

"मला वाटलं, तुला कळलंय," बिशारा म्हणाला. "वाटलं, शाहीन्याला कळलंय आणि तो मला न बोलता सांगतोय, की ओकून टाक. म्हणून तर तुझ्या वस्तऱ्याखाली येऊन बसलो. तोवर माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं रे. त्या सकाळपासून सुरू झालं."

मग त्यानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही डावी बाजू राहिलीय बघ."

राहिली होती. मी पुन्हा साबण घोळवायला घेतला.